पुढच्या प्रकरणात गल्ली नाही

"पुन्हा तेच जाडं पुस्तक? अगं, त्यापेक्षा मला उशाला द्या ते. डुलकी तरी काढीन."

फटाकडी माझ्या कानाशी पुटपुटली. पण फटाकडीचे पुटपुटणे म्हणजे इतरांचे ओरडणे. टेबलाच्या पार त्या टोकाला बसलेल्या थोरलीने मान वर न करता म्हटले, "ऐकू आलं गं."

"यावं म्हणूनच बोलले."

"मग केस टाकताना झोपली होतीस का?"

आमच्या खोलीत मत केसांनी देतात. ब्रशाच्या केसांनी, आमच्या डोक्यावर आता उधळण्याइतके कुणाचे उरलेत? पत्र्याचा डबा टेबलाभोवती फिरतो. जुने पुस्तक हवे असेल तिने काळा केस टाकायचा, नवे हवे असेल तिने पांढरा. या खेपेला डब्यात काळे जास्त निघाले होते आणि वाचनबाईने कपाटातून ते जाडे पुस्तक काढून, पदराने पुसून, मांडीवर घेतले होते.

शेजारच्या मोठ्या शेडमध्ये यंत्रे ब्रश भरतात. पण ज्यांची लाकडी पाठ वाकडी असते, गोल असते, ते यंत्राला जमत नाहीत. ते आमच्याकडे येतात. पाठीतल्या भोकातून तारेचा फास वर काढायचा, त्यात केसांचा झुपका अडकवायचा, तार खाली ओढायची, झुपका दुमडून घट्ट बसतो. मग पुढचे भोक. या कामाला बोटे लागतात, कान लागत नाहीत. रिकाम्या कानांनी बायका काय करतात ते मालकाच्या आजोबांनी फार पूर्वी ओळखले असावे, कारण तेव्हापासून या खोलीत एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे अशी रीत आहे. वाचणारीच्या वाटणीचे ब्रश आम्ही आपसांत वाटून घेतो. मालकाला ब्रश मिळाले की झाले, ते कोणाच्या बोटांतून आले याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

वाचनबाई पोरसवदा असताना ब्रश भरायलाच आली होती. तिच्या बोटांना ते काम कधी मानवले नाही. तार रक्त काढायची आणि भरलेला झुपका उपटला जायचा. सातवीत शाळा सुटलेली, पण आवाज असा की 'मीठ संपलंय' म्हटले तरी ऐकत राहावे. तेव्हाची वाचणारी म्हातारी खोकून थकली होती. तिने हिला स्टुलावर बसवले ते कायमचे. पुढे नवरा झाला, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत संसार झाला, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली. पण वाचनबाईचे खरे आयुष्य म्हणाल तर ते या स्टुलावरच झाले. नवरा हयात असताना फटाकडी तिला विचारायची, "घरी पण मोठ्यानंच भांडता का हो, प्रकरणं पाडून?" त्यावर ती म्हणायची, "आमच्यात भांडण नसतं. तो दिवसातून एकच वाक्य बोलतो, त्यालाही पूर्णविराम नसतो."

जाडे पुस्तक शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचे. टोपीवाल्याच्या मुलीची गोष्ट. ती एका गल्लीत वाढते, मोठ्या घरात सून होऊन जाते, आणि पुढे बरेच काही होते. माझ्या समोर ते या खोलीत दोनदा वाचून झाले होते. पहिल्यांदा आम्ही सगळ्या नव्या-नव्या सुना होतो. सासू किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात देते आणि लगेच परत मागते, त्या पानावर आमच्यातल्या निम्म्या मुसमुसल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा कारखाना बंद राहून नुकताच उघडला होता. तेव्हा किल्ल्यांकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. धान्याच्या कोठारावरचा माणूस रांगेतल्या लोकांना रोज "उद्या या" म्हणतो, ते प्रकरण आम्ही पुन्हा पुन्हा वाचायला लावले. शेडमधले पुरुषसुद्धा दाराशी येऊन उभे राहायचे. पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता. पहिल्या वेळी ते कोठार होते की नव्हते हेही मला आठवत नव्हते.

एकच प्रकरण असे होते की ते कधीही वाचले तरी तेच व्हायचे. गल्लीत माणसांच्या मोजणीला दोन कारकून येतात ते. फारच सभ्य कारकून. एक विचारतो, दुसरा लिहितो. कोंबडीवाली आत्या त्यांना घाबरून कोंबडीला पाळण्यात निजवते आणि नातू म्हणून लिहून देते. टोपीवाल्याला कारकून विचारतो, "तुमचे वडील कुठे जन्मले?" तो म्हणतो, "आईच्या पोटी. तुमचे?" हे वाक्य गावातल्या प्रत्येक पोराला पाठ. शाळेच्या पुस्तकात होते ना ते प्रकरण. गॅदरिंगला दर वर्षी कुणीतरी मिशा लावून ते करायचेच. वाचनबाई कारकुनाचा आवाज नाकातून काढायची आणि आम्ही हातातली तार सोडून पोट धरायचो.

त्या प्रकरणासाठीच धाकटीने काळ्या केसांचा प्रचार केला होता. धाकटी आमच्या टेबलावरची सर्वांत लहान, दोनच वर्षांपूर्वी लग्न झालेली, पुलाखालच्या गल्लीत राहणारी. शाळेत ती कोंबडीवाली आत्या झाली होती.

"मला बक्षीस मिळालं होतं," ती सांगत फिरली. "टाका ना काळा. मला हसायचंय हो जरा."

हसायचेय म्हणणाऱ्या मुलीला नाही कसे म्हणणार? आम्ही टाकले. तरी डबा फिरताना माझ्या हातात काळा केस जरा जास्तच वेळ राहिला. का ते मी स्वतःला विचारले नाही. त्या दिवसांत आम्ही स्वतःला फारसे काही विचारतच नव्हतो.

*

कारण पुलाखाली माणसे येऊन गेली होती.

धाकटीनेच सांगितले, चहाच्या सुटीत, बशीत फुंकर घालता घालता. "दोघं होते. काय सभ्य हो! पाय पुसून आत आले. सासूबाईंना 'आई' म्हणाले. घरात किती जण, कधीपासून राहता, सासऱ्यांचे वडील कुठून आले, त्यांची बोली कुठली. सासूबाईंनी चहा दिला तर कपसुद्धा उचलून मोरीत नेऊन ठेवला एकानं."

"असा जावई मिळायला नशीब लागतं," फटाकडी म्हणाली.

"जाताना दाराच्या चौकटीवर निळ्या रंगाचा ठिपका लावला. म्हणाले, पाण्याचा नवा पाइप येतोय, त्यासाठी."

थोरलीने बशी खाली ठेवली.

"पाइपच असेल," थोरली म्हणाली.

"पाइपच," मी म्हणाले.

"आमच्याकडे तर कधीच आला पाइप, ठिपक्याशिवाय," फटाकडी म्हणाली आणि जीभ चावल्यासारखी गप्प झाली. मग कुणीतरी म्हटले की खालच्या भागात पाण्याची बोंब आहेच, बरे झाले. आणि सगळ्यांनी 'बरं झालं, बरं झालं' अशी मान हलवली. आमच्यापैकी कुणाच्याही दारावर ठिपका नव्हता. आम्ही सगळ्या पुलाच्या अलीकडच्या. पाइपसाठी माणसाच्या आजोबांची बोली कशाला लागते, हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नाही असे मी म्हणणार नाही. आला आणि चहाबरोबर गिळला गेला.

दोन दिवसांनी धाकटी म्हणाली, "सासूबाईंनी ओल्या फडक्यानं पुसून बघितला. जात नाही. रॉकेलनंही जात नाही."

"पुसायचा कशाला? पाइपवाल्यांना घर सापडायला नको?" थोरलीने तिला समजावले. थोरली मायाळू आहे. तिने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला.

आता यात खरी गोम अशी होती. धाकटीच्या भावाचा फोन आला होता. तो दूर राहतो, दुसऱ्या राज्यात. म्हणाला, सगळे इकडे या, एक खोली रिकामी आहे, सामानाचा विचार करू नका. धाकटीचा नवरा जायला तयार होता. सासरा 'बघू' म्हणत होता. अडून बसली होती सासू. घर तिच्या हाताने बांधलेले, विटा तिने वाहिलेल्या. आणि तिने एक तोड काढली होती. धाकटीने ती आम्हाला अगदी सरळपणे सांगितली, तार ओढता ओढता:

"सासूबाई म्हणतात, तुझ्या कारखान्यातल्या बायका वरच्या भागातल्या. त्यांचे नवरे कचेरीत, दीर चौकीवर. काही असेल तर त्यांना आधी कळेल. त्या काय म्हणतात बघ. त्या म्हणाल्या जा, तर जाऊ."

बोलून ती आमच्याकडे पाहत राहिली. एकेकीच्या तोंडाकडे. माझा दीर चौकीवर नाही. पण माझा भाचा आहे. तो आठ दिवसांपासून जेवताना बोलत नव्हता.

"अगं, उगाच कशाला घर सोडायचं?" कोणीतरी म्हणाली. ती मी नव्हते, पण असते तरी तेच म्हणाले असते. "लोक काहीतरी उठवतात."

"घाबरट कुठली. तुझ्या आत्याची कोंबडी बरी तुझ्यापेक्षा," फटाकडी म्हणाली.

धाकटी हसली. घरी जाऊन तिने सासूला सांगितले की बायका म्हणतात, काही नाही. सासूने म्हणे त्या दिवशी निवांत झोप घेतली.

वाचनबाई स्टुलावर बसून हे सगळे ऐकत होती. ती त्यात पडली नाही. चष्मा पुसत राहिली, पुसून झालेला चष्मा परत पुसला, आणि म्हणाली, "चला, वाचू या."

*

पुस्तक पुढे सरकत होते तसा खोलीचा आवाज कमी होत गेला. फटाकडीने टोमणे मारायचे सोडले, हे म्हणजे पंखा बंद पडल्यासारखे होते; गेल्यावर कळले की इतके दिवस तो चालू होता. टोपीवाला आपल्या मुलीसाठी लग्नात निळी टोपी शिवतो, असे आले तेव्हा थोरलीने उगाचच खिडकी लावून घेतली. बाहेर वारा नव्हता.

मोजणीचे प्रकरण येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मुकादम आत आला. मुकादम वाईट माणूस नाही. त्याला प्रत्येक गोष्टीची इतरांच्या आधी भीती वाटते, म्हणून तर त्याला मुकादम केला. तो थोडा वेळ ब्रश उलटेपालटे करत उभा राहिला, एका ब्रशाला टिचक्या मारल्या, आणि ब्रशाकडेच पाहत म्हणाला, "वाचनबाई, ते उद्याचं... कारकुनांचं... ते गाळा."

"का हो?"

"गाळा म्हणजे गाळा. पुढचं वाचा. काय एवढं त्यात?"

"काही नाही ना? मग वाचते. वरून सांगून आलंय का?"

"वरून कशाला येईल? वरून काहीसुद्धा आलेलं नाही. मीच म्हणतोय."

"अहो, शाळेच्या पुस्तकात आहे ते. पोरं नाचतात त्याच्यावर."

मुकादमाने ब्रश खाली ठेवला. "यंदापासून नाही. माझ्या मुलीचं नवं पुस्तक आलंय. त्यात त्या जागी मधमाश्यांचा धडा आहे." मग त्याने धाकटीकडे पाहिले, पटकन नजर काढून घेतली, आणि जाता जाता म्हणाला, "स्टूल तुमचं आहे म्हणून सांगतो. तुमची बोटं काही ब्रश भरणारी नाहीत."

तो गेल्यावर फटाकडी हळूच म्हणाली, आणि या वेळी खरोखर हळू, "मधमाश्या कुणी घालायला लावल्या असतील?"



*

संध्याकाळी मी आणि वाचनबाई एकत्र निघालो. आमचा रस्ता पुलावरून जातो. पुलाच्या कठड्याशी उभे राहिले की खालची गल्ली हातावरच्या रेषेसारखी दिसते: एक नळ, एक पिठाची गिरणी, वाळत घातलेले कपडे, पाण्यावरून भांडणाऱ्या दोघी. आणि प्रत्येक चौकटीवर तो ठिपका. इतक्या उंचावरून तो दिसू नये, पण एकदा माहीत झाल्यावर दिसत होता.

वाचनबाई कठड्याला टेकली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून मला वाटले दम खातेय.

"मला त्या म्हातारीनं स्टुलावर बसवलं ना," ती म्हणाली, "तेव्हा दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे मारामारी हळू वाचायची आणि प्रेम भरभर. उलटं केलं तर बायका कंटाळतात. आणि दुसरी, या पुस्तकाबद्दल. मोजणीचं प्रकरण संपलं की थांबायचं नाही. पाणी प्यायचं नाही, खाकरायचं नाही, पान उलटायचं आणि लगेच पुढचं सुरू करायचं. मी विचारलं, का? म्हणाली, माझ्या आधीचीनं मला असंच शिकवलं. मला वाटलं, बायका हसत असतात, त्या हशावरच पुढे निघायचं, अशी काही कला असेल. दोन्ही वेळा मी तसंच केलं. कधी थांबले नाही."

"बरं मग?"

"पुढच्या प्रकरणात काय आहे, आठवतं तुला?"

मी आठवू लागले. "ती... टोपीवाल्याची मुलगी... दुसऱ्या शहरात असते. राखाडी कपड्यांत."

"आणि गल्ली?"

मला गल्ली आठवेना. म्हणजे मोजणीपर्यंतची सगळी आठवली, आत्या, कोंबडी, टोपीवाला, विहिरीवरचा लंगडा. त्यानंतरची एकही नाही.

"नाहीचे," वाचनबाई म्हणाली. "काल मी घरी सगळं परत चाळलं. त्यानंतर तीनशेवर पानं आहेत. गल्लीचं नाव एकदाही येत नाही. तिचा बाप येत नाही. लेकीला मूल होतं, बारसं होतं, आणि बाप येत नाही, आणि कुणी विचारतही नाही तो का आला नाही ते. माझ्या मुलीला शाळेत असताना बाई म्हणाल्या होत्या, लेखकाचा हात इथे जरा सैल पडलाय, एवढ्या मोठ्या पुस्तकात विसरला असेल. मीही तेच धरून चालले. एवढी वर्षं."

खाली नळावरचे भांडण मिटले होते आणि त्या दोघी एकमेकींच्या कळश्या उचलून देत होत्या.

"ती राखाडी घालते ना," ती पुढे म्हणाली, "फटाकडी दर वेळी म्हणते, हिला दुसरा रंग मिळत नव्हता का? तर ती म्हातारी एकदा सहज बोलून गेली होती. तिच्या लहानपणी जुन्या बायका राखाडी घालत. घरात कुणी गेलं आणि मयत हाती आलं नाही, की. पुरायला-जाळायला काही नसलं की."

मला अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटली. थंडी नव्हती. मी म्हणाले, "चला, उशीर होतोय." मी एवढेच म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी खुशीत आली. केसांत क्लिप लावलेली. "आज माझं प्रकरण," म्हणत तिने स्टूल पुसून दिले. मुकादम दाराच्या बाहेर उभा होता. अर्धा दिसत होता, अर्धा नाही.

वाचनबाईने पुस्तक उघडले आणि गाळले नाही.

कारकुनाचा आवाज तिने नाकातून काढला, नेहमीसारखा. धाकटी पहिल्याच वाक्याला खुदकन हसली. एकटीच. ते हसू टेबलावरून घरंगळत गेले आणि कुणी उचलले नाही. आम्ही सगळ्या भोकांत पाहत होतो. आत्या कोंबडीला पाळण्यात ठेवते तेव्हा धाकटी तोंडातल्या तोंडात पुढची वाक्ये म्हणत होती, तिला अजून सगळी पाठ होती. कारकून पाय पुसून आत आले. कारकुनांनी आत्याला 'आई' म्हटले. वाचनबाईचा आवाज नाकातून हळूहळू घशात उतरला. तिने मुद्दाम केले असे नाही. तो तिथे टिकेना.

"'तुमचे वडील कुठे जन्मले?'" तिने वाचले. "'आईच्या पोटी. तुमचे?'"

मोठी माणसे म्हणतात, हे वाक्य ऐकून दगडसुद्धा हसेल. खोलीत तारांचा आवाजसुद्धा थांबला होता.

"सासऱ्यांनी पण असंच काहीतरी गमतीनं सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. ती आता हसत नव्हती. "त्या माणसानं तेसुद्धा लिहून घेतलं."

वाचनबाई पुढे वाचत गेली. कारकून वही मिटतात, आत्याचे आभार मानतात, गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर एक जण मागे वळून पाहतो आणि म्हणतो, चांगली माणसं आहेत हो. तिथे प्रकरण संपते. तिथे हसू आवरून डोळे पुसायचे असतात.

वाचनबाईने पान उलटले नाही. तिने तांब्या उचलला, पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला. पुस्तक मांडीवर उघडेच. ते थांबणे आमच्या खोलीत या आधी कधीच झाले नव्हते आणि ते कसे सहन करायचे ते आम्हाला ठाऊक नव्हते.

"मग?" धाकटीने विचारले. "पुढे?"

"पुढे ती दुसऱ्या शहरात आहे."

"ते माहितीये. शाळेत एवढंच होतं, पुढचं नव्हतं. गल्लीचं काय झालं? पाइप आला?" स्वतःच्याच बोलण्याने ती दचकली. "म्हणजे... मोजून गेल्यावर काय झालं त्यांचं? आत्याचं?"

"अगं, राहिली असतील तिथंच सुखानं," थोरली घाईघाईने म्हणाली. "गोष्टच आहे ती."

"एवढं जाडं पुस्तक, एखादी गल्ली राहून जाते," फटाकडी म्हणाली. पण तिचा आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा होता.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "धाकटे, तार सैल पडतेय तुझी, बघ."

तिने तारेकडे पाहिले नाही. ती स्टुलाकडे पाहत होती. "वाचनबाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत त्या दिवशी. सगळ्या बोलल्या. सासूबाईंनी विचारलं मला, वाचणारी काय म्हणाली? मी म्हटलं, त्या वाचतात फक्त." ती थांबली. "पाइपसाठीच आहे ना ते?"

दारातला अर्धा मुकादम पूर्ण आत आला. "वाचनबाई," तो म्हणाला. नुसते तेवढेच, पण त्यात स्टूल होते, गुडघे होते, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या.

वाचनबाईने चष्मा काढला. चष्म्याशिवाय तिचा चेहरा फार लहान दिसतो. इतकी वर्षे तिच्या तोंडून आम्ही राजे ऐकले, चोर ऐकले, सासवा ऐकल्या. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे ते त्या क्षणी माझ्या लक्षात आले. साधाच होता. जरा घोगरा.

"तो विसरला नव्हता गं," ती म्हणाली. "त्यानं लिहिलं तेव्हा वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, मोजून गेल्यावर काय होतं ते. ज्यांच्या घरात घडलं त्यांना, आणि ज्यांनी पलीकडून बघितलं त्यांनाही. म्हणून त्यानं पान कोरं सोडलं. मग ती माणसं संपली, आणि आपण हसायला लागलो."

"वाचनबाई!" मुकादम म्हणाला.

"पाइपसाठी नाही. पाइप येणार नाही. ते तुम्हाला न्यायला येणार आहेत, लहान-थोर सगळ्यांना. ते या टेबलावर सगळ्यांना माहितीये, मला धरून. आणि ते येतील ना, तेव्हा आमच्यातली एकही पुलावर येणार नाही. आम्ही खिडक्या लावून घेऊ. सासूबाईंना सांग, वाचणारी म्हणाली, आम्ही खिडक्या लावून घेणार आहोत. तो ब्रश राहू दे तसाच. ऊठ, आणि जा."